वरून म्हणायला माणूस

एखाद्याला चाल येत नाही, हे मी समजू शकते. गळा देवानं दिला तसा. पण चाल येत असताना ती मोडून म्हणायची, आणि तीही भाकरी भाजताना, सासूच्या कानापाशी बसून, याला काय म्हणावं?

“अगं वर जा, वर!” मी पिठाचा हात तसाच काठवटीवर धरून म्हटलं. “‘मेंढपाळा, ऊठ रे’ असं आहे ते. ‘ऊठ’ म्हणताना तरी आवाज वर ने. तुझ्या या सुरानं मेंढपाळ राहू दे, मेंढरूसुद्धा कूस बदलायचं नाही.”

“हो आत्याबाई,” सुवार्ता म्हणाली. आणि पुन्हा तेच. ‘मेंढपाळा’ म्हणून खाली बसली ती बसलीच. ‘ऊठ’ला उठली नाही, ‘पूर्वेकडे बघ’ला मान वर केली नाही. म्हशीनं डबक्यात बसावं तसा तिचा सूर बसलेला. मग मी तीच ओळ तिला म्हणून दाखवली. मोठ्यानं, स्पष्ट, जशी आहे तशी. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“आलं लक्षात?”

“आलं.”

“मग म्हण.”

म्हणाली. तेच.

नाव सुवार्ता, म्हणजे चांगली बातमी. माझ्या सामुवेलचं लग्न ठरलं तेव्हा सगळं कंपाउंड म्हणालं, सगुणाबाई, तुमच्या घरी सुवार्ता येणार. त्या दिवसांत मला वाटायचं, असली सुवार्ता येण्यापेक्षा तार आलेली परवडली.

आम्ही तेव्हा नगरच्या मिशन कंपाउंडात राहायचो, दवाखान्याच्या मागच्या लायनीत. मी दवाखान्यात आया होते. शाळा म्हणाल तर बोर्डिंगात चौथीपर्यंत. मग आई तापानं गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पण चर्चमध्ये पहिल्या बाकावरून मी गायला लागले की पेटीवाला माझ्यामागून यायचा. माझं आणि पेटीचं पटलं नाही तर पेटी चुकली असं लोक समजायचे. जे समजत नसत त्यांना मी समजावून सांगायची.

सुवार्ता नेवाशाकडच्या खेड्यातली. तिकडं लोक देवळाच्या पारासमोर, मोकळ्या माळावर, ढोलकी-टाळावर भजनं म्हणतात; आवाजाला भिंत माहीत नसते. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी तिनं आमच्या चर्चमध्ये तोंड उघडलं, आणि पुढचे बाक मागं वळले. आमच्या शेजारची मनोरमा पारखे पदर तोंडाला लावून म्हणाली, “बैल चुकार झालेत का गं कुणाचे?” बाया हसल्या. बाहेर आल्यावर मी मनोरमेला जे सांगायचं ते सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण सुवार्ता त्या दिवसापासून चर्चमध्ये नुसते ओठ हलवायला लागली.

“अगं, हसू दे त्यांना. तू गा,” मी म्हटलं.

“नको आत्याबाई.”

बस, एवढंच. त्यानंतर तिनं आमच्या घरात काही मागितलं नाही. लुगडं नाही, माहेर नाही, रुसवा नाही. पोर गरीब आहे हो, असं मी ज्याला त्याला सांगायची.

तिनं पहिली गोष्ट मागितली ती ही.

आमच्या चर्चला त्या नाताळात शंभर वर्षं पुरी होणार होती. म्हणून सगळ्या मंडळ्यांतल्या गाणाऱ्यांची मिळून एक मोठी क्वायर उभी करायचं ठरलं. शिकवायला पुण्याहून शिमोन सर येणार, आणि ते एकेकाचा आवाज ऐकून निवडणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितलं. घरी आल्यावर सुवार्तानं हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं, मला दिलं, आणि उभी राहिली.

“काय गं?”

“आत्याबाई, मी जाऊ का आवाज द्यायला?”

मी पाणी पिऊन घेतलं आधी. “ओठ हलवायचा आवाज देणार का?”

“नाही. गाणार.”

“ते पुण्याचे सर कागद पुढं ठेवतात म्हणे. त्यावरचं वाचून गावं लागतं. पारख्यांच्या पोरी बोर्डिंगात पियानोवर शिकल्यात. तुला येतं वाचता?”

“नाही.”

“मग?”

तिनं माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला. पण हलली नाही. तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

मला मनोरमेचा पदर आठवला. एकदा हसली तेव्हा पोर नवीन होती. आता परत हसली असती तर ते माझ्या घराला हसणं झालं असतं. मी म्हटलं, “हे बघ, जा. पण एक सांगून ठेवते. निवड झाली तर खुशाल गा, मी पहिल्या बाकावर बसून ऐकीन. नाही झाली तर पुन्हा क्वायरचं नाव या घरात काढायचं नाही, आणि चर्चमध्ये ओठसुद्धा हलवायचे नाहीत. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मलाच वाटलं, आपण काहीतरी जास्त बोललो.

दोन दिवसांनी पाळकसाहेबांकडून गाण्याचा कागद आला. मी तो चष्मा लावून बघितला. पाच-पाच रेघा आखलेल्या, आणि त्यांवर भाकरीवर तीळ सांडावेत तसे काळे ठिपके. खाली शब्द होते, ते मी वाचले. ‘मेंढपाळा, ऊठ रे, पूर्वेकडे बघ.’ हे तर मला लहानपणापासून पाठ. मी म्हटलं, “अगं, हे तर आपलंच गाणं. याला कागद कशाला? मी शिकवते तुला.”

“सिस्टर एलिशिबांना विचारून येते,” ती म्हणाली.

सिस्टर एलिशिबा म्हणजे आमच्या दवाखान्याच्या जुन्या मेट्रन. मी त्यांच्या हाताखाली आया म्हणून लागले तेव्हा त्यांचा आवाज व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आता त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, पाय सुजलेले, आवाज फुटक्या भांड्यासारखा. चर्चला लागूनच त्यांची खोली होती. दिवसभर त्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या. तरुणपणी मिशनच्या मडमांनी त्यांना गाणं शिकवलं होतं, असं म्हणायचे. सुवार्ता दुपारची भांडी झाली की त्यांच्या पायाला तेल लावायला म्हणून जायला लागली आणि चहाच्या वेळेला परत यायला लागली.

आणि परत येताना हे असं चुकीचं गाणं घेऊन यायची.

पहिल्या आठवड्यात निदान आशा होती. ती तिचं ते खालचं खालचं म्हणत असायची, मी वरून बरोबर चाल म्हटली की तिचा सूर डगमगायचा आणि ‘बघ’पाशी येईपर्यंत मुकाट माझ्या सुरात येऊन मिळायचा. मी म्हणायची, “हां! आता कसं!” तिचं तोंड मात्र उतरायचं. बरोबर आल्यावर तोंड कशाला उतरवायचं, ते मला कळेना.

मग हळूहळू ती मिळेनाशी झाली. मी वरून म्हणतेय आणि ही खालून आपलं वेगळंच म्हणतेय. मी आवाज चढवला की हिचा हात हवेत यायचा. खरंच सांगते, भाकरी थापता थापता एक हात हवेत. तळवा जमिनीकडं, जरा वर, जरा खाली, पुन्हा तिथंच, जसं एखादं वासरू थोपटावं.

“माशा मारतेस का?”

“नाही आत्याबाई.”

“मग हात खाली घे. दृष्ट काढल्यासारखी काय करतेस?”

हात खाली घ्यायची आणि लुगड्याला चिकटवून तिथं हलवायची. विहिरीवर धुतलेले कपडे वाळत घालताना तेच, लसूण सोलताना तेच. आणि एक गंमत माझ्या तेव्हा ध्यानात आली नाही. मी घरात नसताना ती गायची नाही. सामुवेल एकदा म्हणाला होता, “आई, तू दवाखान्यात असलीस की घरात कसं शांत असतं.” मी त्याचा अर्थ वेगळा लावला आणि त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आमच्या आणि पारख्यांच्या घरांमध्ये भिंत होती ती नावाची. वर पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. एक दिवस पलीकडून मनोरमा म्हणाली, “सगुणाबाई, तुमच्यात भांडण चाललंय का गाणं?”

“गाणं,” मी म्हटलं. “तुम्हाला दोन्हींतला फरक कळत नाही ते माहीत आहे मला.”

“नाही, एक वर ओढतंय, एक खाली ओढतंय. म्हटलं रहाट अडकला का काय.”

मी भिंतीच्या या बाजूनं तिला उत्तर दिलं, पण रात्रभर ते टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी सरळ सिस्टर एलिशिबांकडं गेले.

“सिस्टर, तुम्ही माझ्या सुनेला काय शिकवताय?”

“गाणं,” त्या म्हणाल्या. त्यांनी पाय पाटावर टेकवला होता, वर तेल चमकत होतं.

“चाल चुकतेय तिची. ‘ऊठ’ला वर जातच नाही.”

“असं?”

“असं काय, तुम्हाला ऐकू येत नाही? सगळ्या कंपाउंडाला ऐकू जातंय.”

“मग तू काय करतेस, ती चुकली की?”

“मी काय करणार? बरोबर चाल म्हणते. वरून.”

“मोठ्यानं?”

“मग काय कानात सांगू? मोठ्यानंच.”

“आणि ती तरीही तुझ्याकडं येत नाही?”

“आधी यायची. आता नाही येत. हट्टाला पेटलीय.”

सिस्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. मग म्हणाल्या, “सगुणा, तू बरोबर करतेस. अजिबात सोडू नकोस. ती भाकऱ्या करत असू दे, धुणं धुवत असू दे, तू वरून म्हणतच राहा. जेवढा आवाज आहे तेवढा लाव.”

आता मेट्रननं सांगितलं म्हटल्यावर मी काय, दुप्पट जोरानं लागले. पारख्यांची मांजर आमच्याकडं यायची बंद झाली.

आवाज द्यायचा दिवस आला. शनिवारची दुपार. चर्चमध्ये थंडगार दगडी वास, उंच छत, खिडक्यांतून ऊन आडवं आलेलं. शिमोन सर पेटीच्या शेजारी उभे होते. बारीक अंगाचा माणूस, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हातात एक लोखंडी चिमटा. तो गुडघ्यावर आपटायचे, कानाशी न्यायचे, आणि मग ‘हं’ म्हणायचे. घरची माणसं मागच्या बाकांवर बसली होती. मी पहिल्यावर बसणारी. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी पुढचे बाक मोकळे ठेवायला सांगितले होते, म्हणून नाइलाजानं मधल्या बाकावर बसले. शेजारी मनोरमा येऊन टेकली. माझ्या नशिबात दुसरं कोण असणार.

तिच्या दोन्ही पोरी चांगल्या गायल्या. उगाच खोटं कशाला सांगू, चांगल्याच गायल्या. कागद समोर धरून, मानेनं ताल धरून. सरांनी थोरलीला घेतलं. मनोरमा माझ्याकडं बघून हसली, तीही जेवढं हसायला हवं तेवढीच. त्या दिवशी तेवढा तिचा मान होता.

मग सुवार्ता उठली. तिनं माझं निळं लुगडं नेसलं होतं. मीच काढून दिलं होतं. सरांनी कागद पुढं केला. तिनं घेतला, दोन्ही हातांनी धरला, बघितला, आणि नीट घडी करून परत दिला.

“सर, मला हे वाचता येत नाही.”

मागं कुणीतरी खोकलं.

“मग गाणार कशी?”

“ऐकून पाठ केलंय.”

“कुठला पार्ट?”

“अल्टो.”

हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, एखाद्या गावाचं नाव असेल. सरांनी मान हलवली, चिमटा गुडघ्यावर आपटला, पेटीवाल्याला खूण केली. पेटीनं एकच सूर धरला. “म्हणा.”

तिचा हात लुगड्याच्या निऱ्यांपाशी गेला, तळवा खाली. आणि तिनं सुरुवात केली.

तेच! स्वयंपाकघरातलं तेच! एवढी घोकून घेतली, वरून एवढी म्हणून दाखवली, आणि ही बाई भर चर्चमध्ये पुण्याच्या माणसासमोर तीच मोडकी चाल घेऊन उभी. ‘मेंढपाळा’ म्हणून बसली. ‘ऊठ’ला उठली नाही. आवाज मात्र, हे मी तेव्हाही मनात म्हटलं, आवाज असा सरळ निघत होता की एखादी बाई डोक्यावर घागर घेऊन न सांडता चालतेय. पण सरळ कुठं, तर चुकीच्या वाटेनं.

मनोरमा माझ्याकडं झुकली. “सगुणाबाई, घाबरली वाटतं पोर. चाल विसरली.”

माझ्या कानशिलात जाळ झाला. डोळ्यांपुढं आलं ते एकच. संपलं. आता ही पोर या चर्चमध्ये पुन्हा तोंड उघडणार नाही. कबूल करून बसलीय, आणि एकदा कबूल म्हटलं की ती मोडायची नाही. आणि ते कबूल करून घेतलं कुणी? मी. मग सोडवायचंही मीच, दुसरं कोण सोडवणार? तिला नुसती चाल आठवून द्यायची होती. एकदा वरून धरली की येईल मागून, पहिल्या आठवड्यात यायची तशी.

मी उभी राहिले, आणि बाकाला धरून, आहे तेवढ्या आवाजात बरोबर चाल सुरू केली.

सगळं चर्च माझ्याकडं वळलं. पाळकसाहेबांनी हात वर केला मला थांबवायला. शिमोन सरांनी त्यांचा हात खाली केला. मग स्वतःचा एक हात माझ्याकडं केला, बोटं वर, म्हणजे, चालू द्या. दुसरा सुवार्ताकडं. पेटी थांबवली.

फक्त आम्ही दोघी.

सुवार्ता वळली नाही. पाठमोरीच होती. मी ‘ऊठ’ म्हटलं आणि वर गेले. ती होती तिथं राहिली. मी तिला ओढायला आणखी जोर लावला. तिचा निऱ्यांपाशी धरलेला हात जरा हलला आणि स्थिर झाला. ती आली नाही.

घरात पत्र्याखाली तव्याचा, भांड्यांचा, भिंतीपलीकडच्या मनोरमेचा आवाज. तिथं मला माझ्याच आवाजापलीकडं काही ऐकू यायचं नाही, आणि खरं म्हणजे ऐकायची गरजही वाटायची नाही. पण चर्चचं छत उंच होतं. आवाज वर जायचा, जरा थांबायचा, आणि परत खाली यायचा. ‘पूर्वेकडे बघ’ला मी श्वास घ्यायला थांबले, आणि आमचे दोघींचे आवाज वरून बरोबर खाली आले.

कसं सांगू? मी आयुष्यभर उभ्यानं गात आले. आणि त्या क्षणी असं वाटलं की मागून कुणीतरी हळूच पाट सरकवला, आणि मी त्यावर बसले. माझी चाल तीच होती, एक कण बदलली नव्हती. पण आता ती कशावर तरी ठेवलेली होती.

दुसरं कडवं मी म्हटलं ते तिला ओढायला नाही. तो पाट आहे का परत, ते बघायला. होता. तिसऱ्यालाही होता.

गाणं संपलं. मग सर म्हणाले, “बाई, तुम्ही कोण?”

“मी हिची सासू.”

“तुम्हीही आवाज द्यायला आलात?”

“मी कशाला आवाज देऊ? मी चूक दुरुस्त करायला उठले होते.”

“कुणाची?”

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पाच मिनिटांपूर्वी. मी बाकावर बसले. मनोरमेनं तिचा पदर सावरला, पण तोंडाला लावला नाही. तीही छताकडं बघत होती.

सर सुवार्ताकडं वळले. “कुणी शिकवलं?”

“सिस्टर एलिशिबांनी.”

“बरं. कागद वाचायला मी शिकवीन, ते काही अवघड नाही,” सर म्हणाले. “पण शेजारी कुणी एवढ्या जोरात दुसरं काही म्हणत असताना आपल्या जागेवरून हलायचं नाही, हे मला आजवर कुणाला शिकवता आलेलं नाही. तुम्ही अल्टोत कडेला उभ्या राहा. बाकीच्या तुम्हाला धरून गातील.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आणि सासूबाई, वरच्या आवाजात तुम्हीही येता का?”

“नको,” मी म्हटलं. “मला माझा बाक आहे.”

बाहेर आलो तर सिस्टर एलिशिबा व्हरांड्यात खुर्चीवर अशा हसत होत्या की त्यांचं सुजलेलं पाऊल पाटावर उडत होतं. चर्चची खिडकी त्यांच्या डोक्यावरच होती.

“सगुणा! अगं, घरी म्हण म्हणून सांगितलं होतं. तू इथंही आलीस?”

“सिस्टर, ते अल्टो असतं हे मला आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?”

“सांगितलं असतं तर तू हळू म्हटलं असतंस. सांभाळून घेतलं असतंस पोरीला.” त्यांनी डोळे पुसले. “पूर्वी आम्ही होतो चार-पाच जणी अल्टोवाल्या, म्हणजे चालीच्या खालून दुसरा सूर धरणाऱ्या. मडमा गेल्या, आम्ही म्हाताऱ्या झालो, आणि चर्चमध्ये सगळ्या बाया एकच चाल धरून बसल्या. हिला कागद वाचता येत नाही. मी म्हटलं, कानानं घे, आणि हातानं धरून ठेव. सूर कुठं आहे ते हाताला माहीत असलं की गळा हरवत नाही. पण नुसतं एकटीनं म्हणून उपयोग नसतो. वरून म्हणायला माणूस लागतो. माझा तर गळा गेलेला. मी हिला म्हटलं, असा माणूस शोध की ज्याचा आवाज मोठा आहे, चाल पक्की आहे, आणि जो तुझं काडीचं ऐकून घेणार नाही. त्याच्यासमोर टिकलीस तर कुठंही टिकशील.”

“मग?”

“मग काय? ही म्हणाली, सिस्टर, शोधायला नको. घरातच आहे.”

मी सुवार्ताकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. गरीब पोर!

मी घराकडं निघाले. ती माझ्यामागून दोन पावलं अंतर ठेवून चालत होती. लायनीतल्या बाया दारात आल्या होत्या. बातमी आमच्याआधी पोचली होती. मनोरमाही पोरींना घेऊन मागून आली आणि आपल्या उंबऱ्यात थांबली, कुलूप काढायचं सोडून. मी आमच्या दारात थांबले आणि वळले.

“मी घरात आले की सुरू करायचीस, ते मुद्दाम?”

“हो आत्याबाई.”

“धुण्याच्या वेळेला? लसूण सोलताना?”

“हो.”

“आणि मी शिव्या घालत होते तेव्हा?”

“तेव्हा जरा जास्त.”

“आणि त्या मंगळवारी भाकरी करपली ती?”

“ती खरंच करपली.”

मी एकदा तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. माझं निळं लुगडं तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं. तिचा एक हात अजून निऱ्यांपाशीच होता, तळवा खाली. त्या दिवसानंतर तिनं तो हात वापरून कितीतरी पोरी शिकवल्या, आजही शिकवते. पण तेव्हा मला तेवढंच दिसलं, की मी समोर डोळे वटारून उभी आहे आणि तो हात थरथरत नाहीये.

मग मी बोलले. पलीकडच्या उंबऱ्यापर्यंतच काय, विहिरीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलले.

“सुवार्ता, नीट ऐक, एकदाच सांगणार आहे. तुला बघायला आले होते तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतेय, पोर गरीब आहे. आज ते मी परत घेते. तू लबाड आहेस, आणि हट्टी आहेस, आणि माझ्या या आवाजासमोर आजवर नवरा टिकला नाही, मुलगा टिकला नाही, पेटीवाला टिकला नाही. तू टिकलीस. आता पीठ काढ. मी वरून सुरू करते.”